टॉवरचं ‘घड्याळ’ म्हणजे काय? रेंज फुल असूनही कॉल का तुटतो, नेट का अडकतं, वाचा सविस्तर

शहादा : मोबाईलवर रेंजच्या काड्या फुल, टॉवरवरचा दिवाही चालू, तरी मोटारसायकलवरून पुढच्या गावाकडे निघालं की कॉल तुटतो. रेशन दुकानात अंगठा लावला तर ई-पॉस मशीन फिरतच राहतं. बँक मित्राकडे पैसे काढायला गेलेली माणसं ओट्यावर बसून राहतात. मग सगळे एकच म्हणतात, “टॉवरला प्रॉब्लेम आहे.”

हा प्रॉब्लेम अनेक प्रकारचा असू शकतो. कधी लाईट नसते, कधी जेसीबीने केबल तोडलेली असते, कधी एकाच टॉवरवर माणसं जास्त होतात. पण या सगळ्यांशिवाय आणखी एक कारण असतं आणि त्याबद्दल गावात सहसा कोणी बोलत नाही. ते म्हणजे टॉवर आणि एक्स्चेंजमधल्या यंत्रांचं ‘क्लॉक’, म्हणजे घड्याळ. ते बिघडलं तर यंत्र बंद पडत नाही, चालूच राहतं आणि हळूहळू चुकायला लागतं. म्हणून हा बिघाड लवकर लक्षातही येत नाही.

शहादा तालुक्याला हा विषय परका नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज रेशन, पेन्शन, बँक, पीक विमा असं बरंच काही त्या आधारच्या पडताळणीवर चालतं आणि ती पडताळणी नेटवर्कवर. त्यामुळे नेटवर्कच्या पोटात काय चालतं, हे थोडं समजून घेतलेलं बरं.

भिंतीवरचं घड्याळ वेगळं, यंत्रातलं वेगळं

यंत्रातलं घड्याळ ‘किती वाजले’ हे सांगत नाही. ते फक्त ठोके देतं. क्वार्ट्झच्या छोट्या स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या कंपनांतून एका सेकंदाला लाखो ठोके तयार होतात. प्रत्येक ठोक्याला यंत्र एक काम करतं : एक बिट पाठवतं किंवा आलेला एक बिट वाचतं. बिट म्हणजे शून्य किंवा एक.

टेलिफोन खात्यातल्या जुन्या माणसांना ‘ई-वन’ लाईन चांगली माहीत आहे. त्या एका लाईनवर सेकंदाला २० लाख ४८ हजार बिट जातात. हा आकडा असा येतो : आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजणीचे ८ बिट, म्हणजे एका कॉलला सेकंदाला ६४,००० बिट. असे ३२ कप्पे एकामागोमाग लावले की ई-वन तयार होते. त्यातले ३० कप्पे साधारणपणे कॉलसाठी आणि २ व्यवस्थेसाठी. सगळ्या ३२ कप्प्यांची एक फेरी १२५ मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

आता पाठवणाऱ्याचे ठोके आणि वाचणाऱ्याचे ठोके जुळले नाहीत तर काय होईल? वाचणारा एखादा बिट दोनदा वाचेल किंवा एखादा वाचायचाच राहील. मग पुढचे सगळे कप्पे सरकतात आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कप्प्यात जाऊन पडतं.

चाल, ठोका आणि वेळ

इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली चाल, म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात. दुसरी म्हणजे ठोका नेमका कोणत्या क्षणी पडतो. तिसरी म्हणजे किती वाजले, ही नेहमीची वेळ.

जुन्या मुंबईचं उदाहरण घेऊ. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबई शहरात मात्र ‘मुंबई टाइम’ त्यानंतरही बरीच वर्षं वापरात होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. दोन्ही घड्याळांची चाल एकच होती. म्हणून ३९ मिनिटं मिळवली किंवा वजा केली की हिशोब जुळायचा. पण समजा त्यातलं एक घड्याळ रोज दोन मिनिटं पुढे पळालं असतं, तर आजचा हिशोब उद्या चालला नसता. टेलिकॉमच्या यंत्रांत आधी चाल जुळवावी लागते, ती याच कारणाने. जुन्या लाईनींना चाल जुळली की पुरायचं. आताच्या फोरजी-फाइव्हजीच्या काही प्रकारांना ठोक्याचा क्षणही जुळवावा लागतो.

आपल्या हातातल्या मोबाईलवर दिसणारी वेळ ही तिसऱ्या प्रकारची. ती बरोबर दिसते म्हणून टॉवरचं घड्याळ बरोबर आहे, असं म्हणता येत नाही.

घड्याळ पाठवण्यासाठी वेगळी तार लागत नाही

दोन यंत्रांमध्ये ३०-४० किलोमीटरचं अंतर असतं. मग एकाचे ठोके दुसऱ्याला कळतात कसे? उत्तर सोपं आहे : येणाऱ्या सिग्नलमध्येच ठोके लपलेले असतात. सिग्नल वर-खाली होतो, त्या प्रत्येक बदलावरून घेणारं यंत्र ओळखतं की समोरचा ठोका इथे पडला.

पण सिग्नलमध्ये सलग शून्यच आले तर? मग बदलच होणार नाही आणि ठोका हरवेल. म्हणून ई-वन लाईनवर एक नियम ठेवला आहे. सलग चार शून्य आले की त्यांच्या जागी एक ठरावीक खूण पाठवायची. घेणारं यंत्र ती खूण ओळखून पुन्हा चार शून्य करून घेतं. बोलण्यात काही फरक पडत नाही आणि ठोकाही हरवत नाही.

हे ठोके वाटेत थोडे हलतात. केबल तापते, गार होते, मधल्या यंत्रांचा थोडा परिणाम होतो. ठोका भरभर पुढे-मागे थरथरला तर त्याला ‘जिटर’ म्हणतात. दिवसभरात सावकाश सरकला तर ‘वाँडर’. दोन्हींमधली सीमा सेकंदाला १० वेळा अशी मानली जाते.

थरथर काढण्यासाठी यंत्रात ‘पीएलएल’ नावाचं सर्किट असतं. त्याचं काम बैलजोडीसारखं आहे. नवा बैल शेजारच्या बैलाच्या चालीला चाल मिळवतो, पण शेजारच्याने एकदा मान हलवली म्हणून लगेच उडी मारत नाही. पीएलएलसुद्धा स्वतःच्या स्फटिकाचे ठोके आलेल्या ठोक्यांशी सतत ताडून पाहतं आणि फरक सावकाश भरून काढतं. त्यामुळे भरभर होणारी थरथर गाळली जाते. सावकाश सरकणं मात्र पूर्ण गाळता येत नाही, ते पुढच्या यंत्राकडे जातं.

ऊस जास्त, गाळप कमी : ‘स्लिप’ कशी होते

पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना शहादेकरांना ठाऊक आहे. उसाच्या गाड्या एका वेगाने येतात, गाळप दुसऱ्या वेगाने होतं. मध्ये यार्ड असतं म्हणून थोडा कमी-जास्त फरक चालून जातो. पण गाड्या रोजच जास्त येत राहिल्या तर यार्ड कधीतरी भरणार. आणि कमीच येत राहिल्या तर गव्हाण कधीतरी रिकामी पडणार.

एक्स्चेंजमधल्या ‘बफर’चं अगदी असंच आहे. येणारे बिट समोरच्याच्या चालीने भरतात आणि आपल्या चालीने बाहेर निघतात. बफर भरला की यंत्र एक पूर्ण फेरी टाकून देतं. रिकामा झाला की आधीचीच फेरी पुन्हा पाठवतं. याला ‘स्लिप’ म्हणतात. एका स्लिपमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचा माल जातो किंवा दुप्पट होतो.

बोलण्यात एखादी स्लिप झाली तर फार तर बारीक ‘टक’ ऐकू येतं. फॅक्समध्ये मात्र ओळ खराब होते आणि डेटा असेल तर तो पुन्हा पाठवावा लागतो.

स्लिप किती वेळाने होईल, हा सरळ भागाकार आहे. ट्रान्समिशनच्या यंत्रातलं नेहमीचं घड्याळ एकटं सोडलं तर दहा लाखांत ४.६ ठोक्यांपर्यंत चुकू शकतं. दोन टोकांत एवढा फरक असेल तर दर २७ सेकंदांनी एक स्लिप होते. याउलट दोन्ही टोकांना सर्वात वरच्या दर्जाचं घड्याळ असेल, तर ते शंभर अब्ज ठोक्यांत एका ठोक्यापेक्षा जास्त चुकत नाही. दोघं उलट दिशेने चुकले तरी दोन स्लिपांमध्ये सुमारे ७२ दिवस जातात. २७ सेकंद कुठे आणि ७२ दिवस कुठे! घड्याळावर एवढा खर्च का करतात, ते या दोन आकड्यांत दिसतं.

घड्याळांची उतरंड

प्रत्येक टॉवरला सर्वात महागडं घड्याळ देणं परवडत नाही. म्हणून उतरंड लावलेली असते. सर्वात वर सिझियम अणुघड्याळ किंवा उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ. त्याला ‘पीआरसी’ म्हणतात. त्याखाली मोठ्या एक्स्चेंजमधली घड्याळं. ती वरून आलेले ठोके गाळून, स्वच्छ करून पुढे देतात. सर्वात खाली प्रत्येक ट्रान्समिशन यंत्राच्या कार्डावरचं छोटं घड्याळ.

वरचे ठोके खाली येतात, खालचे वर जात नाहीत. प्रत्येक पायरीवर थोडी थरथर वाढते, म्हणून साखळी किती लांब असावी यालाही मर्यादा आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या नियमाप्रमाणे मध्ये गाळणारं मोठं घड्याळ न लावता छोट्या घड्याळांची साखळी २० पेक्षा लांब करायची नाही.

प्रत्येक यंत्र तीनपैकी एका अवस्थेत असतं :

पहिली ‘लॉक’. वरून ठोका मिळतोय आणि यंत्र त्याच्या मागे चालतंय. हे सर्वात चांगलं.

दुसरी ‘होल्डओव्हर’. वरचा ठोका गेला, पण आतापर्यंत कसं चालत होतो हे यंत्राच्या लक्षात आहे. त्या आठवणीवर ते पुढे चालत राहतं. सुरुवातीला चूक अगदी कमी असते. मग स्फटिक तापतो, गार होतो आणि चूक वाढत जाते.

तिसरी ‘फ्री-रन’. आठवणसुद्धा नाही. यंत्र नुसतं स्वतःच्या स्फटिकावर चालतंय. यंत्र नुकतंच चालू झालं आणि कुठूनच ठोका मिळाला नाही, तर ही अवस्था येते.

रिंगमध्ये एकमेकांच्या मागे फिरण्याचा धोका

फायबर एका जागी तुटली तरी काम चालावं म्हणून यंत्रं गोलात जोडतात. याला रिंग म्हणतात. समजण्यासाठी शहादा, प्रकाशा आणि तळोदा अशी तीन यंत्रांची रिंग धरू. चांगलं घड्याळ शहाद्याला आहे. प्रकाशाचं यंत्र शहाद्याकडून ठोका घेतं आणि तळोद्याचं यंत्र प्रकाशाकडून घेतं. तळोद्याला शहाद्याकडूनही थेट फायबर आहे, पण ती दुसऱ्या पसंतीची.

आता शहादा-प्रकाशा फायबर तुटली. प्रकाशाच्या यंत्राने “चला, तळोद्याकडून ठोका घेऊ” असं ठरवलं तर काय होईल? तळोदा तर प्रकाशाकडूनच ठोका घेतोय! दोघं एकमेकांच्या मागे चालू लागतील. जंगलात दोन वाटसरू एकमेकांना विचारून चालले, दोघांनाही वाट माहीत नाही, तसा हा प्रकार. अलार्मही वाजणार नाही, कारण दोघांनाही ठोका ‘मिळतोय’.

हे टाळण्यासाठी प्रत्येक यंत्र सिग्नलसोबत एक छोटी चिठ्ठी पाठवतं. माझ्या ठोक्याचा दर्जा काय, हे त्यात लिहिलेलं असतं. चिठ्ठी फक्त चार बिटांची असते. आणि एक पक्का नियम असतो : ज्याच्याकडून ठोका घेतला, त्यालाच परत “माझा ठोका घेऊ नको” अशी चिठ्ठी पाठवायची.

या नियमाने आपलं उदाहरण असं सुटतं. फायबर तुटली तेव्हा प्रकाशाला तळोद्याकडून “घेऊ नको” अशी चिठ्ठी येत होती. म्हणून प्रकाशा होल्डओव्हरमध्ये गेलं आणि तळोद्याला कळवलं की आता माझा दर्जा खालचा आहे. तळोद्याने पाहिलं, शहाद्याकडून वरच्या दर्जाचा ठोका येतोय. त्याने तिकडचा ठोका धरला. आता तळोद्याची प्रकाशाकडे जाणारी चिठ्ठी बदलली : “माझा दर्जा वरचा आहे, घे.” प्रकाशाने तो ठोका घेतला. सगळं आपोआप, माणसाने हात न लावता.

पण यासाठी दोन गोष्टी लागतात. रिंग खरोखर पूर्ण असली पाहिजे आणि पसंतीचा क्रम बरोबर भरलेला असला पाहिजे. डोंगराळ भागात पुष्कळदा रस्ता एकच असतो आणि फायबरही त्याच रस्त्याच्या कडेने जाते. अशा ठिकाणी एक दरड किंवा एक खड्डा पुरतो.

फोरजी-फाइव्हजीमध्ये गोष्ट कुठे बदलली

जुन्या लाईनीत बिट सतत वाहत होते, म्हणून ठोका आपोआप मिळायचा. आताच्या नेटवर्कमध्ये माहिती पाकिटांमध्ये जाते. पाकीट असेल तेव्हा जातं, नसेल तेव्हा नाही. साध्या इथरनेटमध्ये प्रत्येक यंत्र आपापल्या स्फटिकावर चालतं. इंटरनेटला ते चालतं, टॉवरला नाही.

मोठ्या टॉवरच्या रेडिओची चाल एक अब्ज ठोक्यांत ५० पेक्षा जास्त चुकता कामा नये, असा नियम आहे. १८०० मेगाहर्ट्झच्या बँडवर याचा अर्थ फक्त ९० हर्ट्झ इकडे-तिकडे. एका गावाच्या टॉवरची चाल याच्या पलीकडे गेली, तर पुढच्या गावाकडे जाणाऱ्या मोबाईलला नवा टॉवर पकडायला अडचण येते. त्यावेळी जागेवर बसून बोलणाऱ्याचा कॉल चालू राहू शकतो आणि गाडीवर जाणाऱ्याचा तुटतो.

टॉवरला ठोका द्यायचे आता तीन मुख्य मार्ग आहेत.

एक, टॉवरवर छत्रीच्या टोकासारखा छोटा पांढरा जीपीएस अँटेना लावायचा. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, त्यांचा ठोका थेट मिळतो.

दोन, इथरनेटच्या तारेवरच सतत ठोका ठेवायचा, जुन्या ई-वनसारखा. याला ‘सिंक-ई’ म्हणतात. यात चाल मिळते, क्षण मिळत नाही.

तीन, ‘पीटीपी’. यात टॉवर आणि मुख्य घड्याळ एकमेकांना पाकिटं पाठवतात आणि प्रत्येक पाकीट कधी निघालं, कधी पोचलं याची नोंद ठेवतात. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं धरून टॉवर आपलं घड्याळ जुळवतो. यात एक खोच आहे. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. जाण्याची फायबर येण्याच्या फायबरपेक्षा २०० मीटर लांब असेल, तर १ मायक्रोसेकंदाचा फरक पडतो आणि घड्याळ अर्ध्या मायक्रोसेकंदाने चुकतं. तुटलेली फायबर जोडताना एकीकडे जास्त वेटोळं राहिलं, तरी हिशोबात फरक पडतो.

एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने बोलायचं नाही

फोरजीचा २३०० मेगाहर्ट्झ बँड आणि फाइव्हजीचा ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा बँड यांत टॉवर आणि मोबाईल एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. थोडा वेळ सगळे टॉवर बोलतात आणि मोबाईल ऐकतात. मग मोबाईल बोलतात आणि टॉवर ऐकतात. ही पाळी सेकंदात शेकडो वेळा बदलते.

आता शेजारच्या एका टॉवरचं घड्याळ चुकलं आणि बाकीच्यांची ऐकण्याची पाळी असताना तो बोलत राहिला तर? मोबाईल फार तर पाव वॅटच्या आसपासच्या ताकदीने बोलतो, टॉवर कितीतरी वॅटने. डीजेशेजारी उभं राहून कोणी कानात कुजबुजावं, तसं होतं. काड्या फुल दिसतात, कारण टॉवरचा आवाज मोबाईलपर्यंत येतोय. पण मोबाईलचा आवाज टॉवरला ऐकू जात नाही. आणि गंमत म्हणजे त्रास चुकलेल्या टॉवरच्या गावात कमी आणि शेजारच्या गावात जास्त, असंही होऊ शकतं.

म्हणून इथे मुख्य घड्याळापासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही. एवढ्या वेळात प्रकाश हवेतून फक्त ४५० मीटर जातो.

बिघाड दुपारी, त्रास संध्याकाळी

टॉवरच्या जीपीएस अँटेनात पाणी शिरलं, वीज पडून तो जळाला किंवा त्याची वायर सुटली, तर टॉवर बंद पडत नाही. तो होल्डओव्हरवर जातो. त्याचा स्फटिक एक अब्ज ठोक्यांत एक एवढा चुकत असेल, तर दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा २५ मिनिटांत ओलांडली जाते. स्फटिक दहापट चांगला असेल तर सुमारे चार तास मिळतात.

म्हणजे बिघाड दुपारी दोनला झाला तर त्रास संध्याकाळी सहाला सुरू होऊ शकतो. तोपर्यंत पाऊस थांबलेला असतो, लाईट आलेली असते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच चांगली यंत्रणा ‘होल्डओव्हर’चा अलार्म आला की लगेच माणूस पाठवते, तक्रारींची वाट पाहत नाही.

उलटही होतं. बॅटरी संपून टॉवर पूर्ण बंद पडला आणि लाईट आल्यावर चालू झाला, तर स्फटिक ठरावीक तापमानाला यायला आणि उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात. लाईट आल्या आल्या नेटवर्क येत नाही, त्याचं हेही एक कारण आहे.

ग्रामपंचायतीतला डबा

गावोगावी फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. तिचंच पुढे ‘भारतनेट’ झालं. ग्रामपंचायतीत बसवलेला फायबरचा डबा बहुतेक ठिकाणी ‘जीपॉन’ पद्धतीचा असतो. तालुक्याकडून आलेली एक फायबर वाटेत फाटे फोडून अनेक गावांना दिलेली असते.

तालुक्याकडून येणारा प्रकाश सगळ्या गावांना एकदमच जातो. पण गावांकडून परत जाणारा प्रकाश त्याच एका फायबरमध्ये येऊन मिसळतो. म्हणून प्रत्येक गावाला पाठवायची पाळी ठरवून दिलेली असते, कॅनॉलच्या पाणीपाळीसारखी. कोणी आधी दारं उघडलं की दुसऱ्याच्या पाळीत पाणी शिरतं.

डबा यासाठी स्वतःचं वेगळं घड्याळ चालवत नाही. तालुक्याकडून येणाऱ्या प्रकाशातूनच तो ठोका काढतो आणि त्याच चालीने उत्तर पाठवतो. शिवाय एक गाव २ किलोमीटरवर, दुसरं १८ किलोमीटरवर असेल तर लांबच्या गावाचा प्रकाश ८० मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. म्हणून डबा चालू होताच तालुक्याचं यंत्र त्याचं अंतर मोजतं आणि जवळच्या डब्यांना तेवढं थांबायला सांगतं.

डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे ठोकाही नाही. अशा वेळी डबा वारंवार बंद-चालू करून उपयोग होत नाही. फायबर बघावी लागते.

देशाचं घड्याळ

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या मदतीने करते. उपग्रहांच्या बाबतीत भारताची स्वतःची ‘नाविक’ यंत्रणा आहे. तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांत परदेशी अणुघड्याळं होती आणि त्यातली काही अवकाशात बंद पडली. २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात पहिल्यांदा भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ बसवलं गेलं. टॉवरसारख्या ठिकाणी फक्त परदेशी जीपीएसवर अवलंबून राहू नये, यासाठी अशा घड्याळांचं महत्त्व आहे.

गावकऱ्यांनी काय करावं

“नेटवर्क नाही” एवढंच सांगितलं तर तक्रार हवेत राहते. पुढची माहिती लिहून ठेवली तर तंत्रज्ञाला कारण शोधणं सोपं जातं :

१. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला आणि त्याआधी काही तासांत काय घडलं होतं. वीज पडली का, लाईट गेली का, रस्त्याचं खोदकाम झालं का.

२. काड्या फुल असताना त्रास होतो की काड्याच जातात. काड्या जात असतील तर कारण दुसरं असण्याची शक्यता जास्त.

३. जागेवर बसून कॉल चालतो आणि गाडीवरच तुटतो का. तुटत असेल तर कोणत्या दोन गावांच्या मध्ये.

४. मोबाईलच्या सेटिंगमध्ये टूजी किंवा फक्त फोरजी ठेवल्यावर फरक पडतो का.

५. शेजारच्या गावातही त्याच वेळी तसाच त्रास आहे का, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं का.

तक्रार कंपनीच्या १९८ या क्रमांकावर नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ग्रामपंचायतीने, रेशन दुकानदाराने आणि बँक मित्राने एकत्र नोंद ठेवली तर तक्रारीला वजन येतं.

पाईपलाईन, विहीर किंवा रस्त्यासाठी जेसीबी लावण्याआधी जमिनीखाली फायबर आहे का ते विचारावं. त्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालं आहे. रस्त्याच्या कडेला फायबरच्या खुणेचे छोटे खांब दिसले तर तिथे दात लावण्याआधी थांबावं. ती फायबर तुटली तर फक्त नेट जात नाही, पुढच्या सगळ्या यंत्रांचा ठोकाही जातो.

थोडक्यात शब्दांचा अर्थ

क्लॉक : यंत्राला काम करायला लावणारे ठरावीक चालीचे ठोके.

जिटर आणि वाँडर : ठोक्याची भरभर थरथर आणि सावकाश सरकणं.

पीएलएल : आलेल्या ठोक्यांशी आपली चाल सावकाश जुळवणारं सर्किट.

बफर : येणारे बिट थोडा वेळ साठवायची जागा.

स्लिप : चाल न जुळल्यामुळे एक फेरी गळणं किंवा दोनदा जाणं.

होल्डओव्हर : वरचा ठोका गेल्यावर आठवणीवर चालणं.

पीटीपी : पाकिटांच्या नोंदींवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत.

जीपॉन : एकाच फायबरवर अनेक गावांना पाळीपाळीने जोडणारी पद्धत.